५+३ आणि ३+५ सारखेच, हे सिद्ध कसं करायचं?

पाटीवरची_रेघ | सोमवार, रात्री १०:१२

लेक चौथीत आहे. काल जमिनीवर चिंचोके मांडून बसली होती. पाच इकडे, तीन तिकडे. मोजले, आठ. मग तीन आधी, पाच नंतर. पुन्हा आठ. इथवर सगळं छान. मग मान वर करून म्हणते, "आई, हे मी मोजलं. पण ४७३ आणि ८९६ कुणी दोन्हीकडून मोजून बघितलंय का?"

मी म्हटलं, अगं नियमच आहे तो, बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. "नियम कुणी केला?" शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, पुस्तकात दिलंय. दिलंय खरं, क्रमनिरपेक्षता नावाने. पण का, ते नाही.

मग मला एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आठवला, की एक अधिक एक दोन हे सिद्ध करायला कुणा दोघांना ३६२ पानं लागली. खरं आहे का हे? आणि असेल तर ४७३ + ८९६ चं काय होणार? मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर बेरजाच करते, पण या पोरीपुढे गप्प बसले.

टपरीवरचा_चहा | सोमवार, रात्री १०:३१

३६२ पानंच? आमच्या सोसायटीच्या हिशेबाला त्याहून जास्त लागली आणि बेरीज तरी चुकलीच.

अनुस्वार | सोमवार, रात्री ११:०५

फॉरवर्ड अर्धा खरा आहे. पुस्तक म्हणजे व्हाइटहेड आणि रसेल यांचं 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका', तीन खंड, १९१० ते १९१३. पहिल्या खंडात ३७९व्या पानावर ५४.४३ क्रमांकाचं एक विधान आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते ३६२व्या पानावर सरकलं, फॉरवर्डातला आकडा तिथला.

गंमत अशी की त्या पानावरही १+१=२ सिद्ध होत नाही. तिथे एवढंच आहे की एकेक घटकाचे दोन संच घेतले, तर त्यांच्यात सामाईक काही नसेल तेव्हाच, आणि तेव्हाच, त्यांच्या संयोग संचात दोन घटक असतात. खाली टीप, की बेरजेची व्याख्या झाल्यावर यातून १+१=२ निघेल. बेरीज येते दुसऱ्या खंडात, आणि तिथे ८६व्या पानावर एकदाचं ते विधान सिद्ध होतं. सोबत लेखकांचा शेरा आहे की हे विधान अधूनमधून उपयोगी पडतं. इतका कोरडा विनोद मी गणितात दुसरा वाचलेला नाही.

ती पानं १+१ वर खर्च झालेली नाहीत. 'नाही', 'किंवा', 'जर-तर' इथपासून सुरुवात करून संच, संबंध, सगळं उभारत ते तिथवर पोचले. एक कप चहासाठी आधी डोंगर उतारावर मळा लावला, मग धरण बांधलं, मग कपासाठी माती खणली, असा प्रकार.

टपरीवरचा_चहा | सोमवार, रात्री ११:०९

आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणतं, साखर कमी.

वैशाखवणवा | मंगळवार, सकाळी ८:४०

रिकामपणाचे उद्योग. एक अधिक एक दोन होतात हे शेंबड्या पोराला कळतं. आणि तसंही ते नेहमी होतच नाहीत. एक वाटी साखर एका वाटी पाण्यात विरघळवा, दोन वाट्या पाक होतो का बघा. मग तुमची ३७९ पानं कुठे गेली?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ११:२०

वैशाखराव, पाकाने फार तर एवढं दाखवलं की आकारमान विरघळताना बेरजेप्रमाणे वागत नाही. वजन करून बघा, ते वागेल. कुठे बेरीज लावायची हा स्वयंपाकघराचा प्रश्न, बेरीज म्हणजे काय हा आपला.

रेघताई, प्रिन्सिपिया बाजूला ठेवा. तुमच्या लेकीचा प्रश्न १+१ पेक्षा खूप वरचा आहे, आणि त्याचं उत्तर दोन पानांत बसतं. १८८९ साली तुरिनमध्ये पेआनो या इटालियन गणितज्ञांनी लॅटिनमध्ये एक छोटी पुस्तिका काढली. त्याआधी वर्षभर डेडेकिंड यांनी तेच काम वेगळ्या अंगाने केलं होतं. आणि त्याही आधी, १८६१ मध्ये, श्टेटिनच्या शाळेत शिकवणाऱ्या ग्रासमान यांनी. शाळामास्तर, म्हणजे आमच्याच बिरादरीतले, म्हणून मुद्दाम नाव घेतो.

कल्पना अशी. फक्त दोन गोष्टी माहीत आहेत असं समजा. एक, शून्य नावाची वस्तू आहे. दोन, प्रत्येक संख्येला एक 'पुढची' संख्या आहे. तिला पु( ) लिहू. आता १ हे पु(०) चं टोपणनाव, २ हे पु(१) चं, ३ हे पु(२) चं, ४ हे पु(३) चं. (पेआनोंनी पुस्तिकेत १ पासून सुरुवात केली होती, शून्यापासून करणं सोयीचं म्हणून मी तसं करतो.)

बेरजेचे नियम दोनच:

(क) अ + ० = अ
(ख) अ + पु(ब) = पु(अ + ब)

म्हणजे शून्य मिळवलं तर काही होत नाही, आणि 'ब च्या पुढची' मिळवायची तर ब मिळवा आणि एक पाऊल पुढे जा. झालं. आता २+२ काढू:

२ + २ = २ + पु(१) = पु(२ + १)
२ + १ = २ + पु(०) = पु(२ + ०) = पु(२) = ३
म्हणून २ + २ = पु(३) = ४

पाटीवर तीन ओळी. पानं वगैरे काही नाही.

लायब्निट्स यांनी हे आधीच करून पाहिलं होतं. २+२ म्हणजे २+(१+१), म्हणजे (२+१)+१, म्हणजे ३+१, म्हणजे ४. वाचताना काही खटकतं का? १८८४ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांना खटकलं. कंस सरकवला तो कोणत्या हक्काने? साहचर्य (कंस कुठेही घातला तरी बेरीज तीच) न सांगता वापरलं होतं. आपला (ख) नियम नीट पाहिलात तर तो कंस सरकवण्याचा परवानाच आहे, पण एकाच पावलापुरता आणि उघडपणे मागून घेतलेला.

वैशाखवणवा | मंगळवार, दुपारी १२:०२

पु(अ) म्हणजे अ+१ च ना? बेरीज वापरून बेरजेची व्याख्या. वा.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२:३०

चांगली शंका, पण नाही. पोर उजळणी म्हणते तेव्हा सातानंतर आठ हे तिला पाठ असतं, बेरीज शिकायच्या कितीतरी आधी. पु म्हणजे ती उजळणी. अ + १ = पु(अ) हे आपण वरच्या नियमांवरून *सिद्ध* करतो: अ + पु(०) = पु(अ + ०) = पु(अ). आधी उजळणी, मग बेरीज.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:१५

मास्तर, २+२=४ पटलं. पण २+२=५ *नाही*, हे कुठून आलं? दोन नियमांत 'नाही' कुठेच नाही.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

वर्गात असा प्रश्न आला की मी खडू त्या मुलाच्या हातात द्यायचो.

तीनच तास असलेलं घड्याळ घ्या: ०, १, २, आणि २ च्या पुढे पुन्हा ०. तिथेही (क) आणि (ख) बिनतक्रार चालतात. २+२ तिथे काटा १ वर आणतो. तर मग २+२=४ खोटं पडलं का? नाही! ४ हे शून्यापासून चार पावलांचं टोपणनाव, आणि त्या घड्याळात चार पावलं चालून तुम्ही १ वरच येता. २+२=४ तिथेही खरंच. पडतं ते ४≠१. आणि एकाच आकड्याचं घड्याळ घेतलंत, फक्त ०, तर तिथे २+२=५ सुद्धा खरं.

हे घड्याळ मोडायला पेआनोंची आणखी दोन गृहीतकं लागतात. शून्य कुणाच्याही पुढे येत नाही. आणि दोन वेगळ्या संख्यांच्या पुढची संख्या एकच नसते. आता ४=५ धरा. दोघांच्या मागे एकेक पाऊल या: ३=४. मग २=३, १=२, ०=१. पण १ म्हणजे पु(०), आणि शून्य कुणाच्याच पुढे येत नाही. अडकलो. म्हणून ४≠५. '२+२=४' फुकटात मिळतं, '२+२≠५' ला पैसे पडतात.

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९:०१

हे सगळं आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच करून ठेवलंय. पेआनो कोण?

अनुस्वार | मंगळवार, रात्री ९:२२

ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त शून्याचे, धनाचे आणि ऋणाचे नियम दिले, आणि ते अफाट मोठं काम आहे. पण तिथे प्रश्न होता शून्याशी व्यवहार कसा करायचा. 'हे नियम कमीत कमी किती गोष्टी गृहीत धरून निघतात' हा प्रश्न ना त्याने विचारला, ना युक्लिडने बेरजेबाबत. तो १९व्या शतकातलाच.

बायनरी_भाऊ | मंगळवार, रात्री ११:४८

माझ्या धंद्यातलं सांगतो. लीन नावाची एक संगणक प्रणाली आहे. तिला सिद्धता लिहून द्यायची, ती एकेक पायरी तपासते आणि कुठेही 'उघडच आहे' खपवून घेत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या केव्हिन बझार्ड आणि मोहम्मद पेद्रामफर यांनी तिच्यावर 'नॅचरल नंबर गेम' म्हणून एक खेळ केलाय, मास्तरांनी दिलेत त्याच नियमांपासून सुरू होणारा. दोन रात्री झोप गेली माझी.

लीनला २+२=४ म्हटलं की ती 'बरं' म्हणते, दोन्ही बाजू उलगडल्या की एकच निघतात. अ+०=अ, तेही बरं. मी म्हटलं ०+अ=अ. नाही म्हणाली! मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. पहिल्यांदा वाटलं टायपो आहे.

मग कळलं. नियम सगळे *उजव्या* संख्येबद्दल बोलतात. डावीकडे शून्य असेल तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे ताईंच्या लेकीचा प्रश्न इथेच, शून्यापाशीच सुरू होतो.

वैशाखवणवा | बुधवार, सकाळी ७:५५

०+अ=अ नसायला काय झालंय? दाखवा एखादी संख्या जिच्यात हे खोटं आहे.

बायनरी_भाऊ | बुधवार, सकाळी ९:३०

दाखवतो. नेहमीच्या संख्या ०, १, २... आहेत तशा ठेवा. त्यांच्या रांगेबाहेर दोन भुतं बसवा, मुंजा आणि झोटिंग. भूत जागचं हलत नाही: पु(मुंजा) = मुंजा, पु(झोटिंग) = झोटिंग. बेरीज अशी:

भूत + साधी संख्या = तेच भूत
कुणीही + मुंजा = झोटिंग
कुणीही + झोटिंग = मुंजा

तपासा. (क): मुंजा + ० = मुंजा. बरोबर. (ख): अ + पु(मुंजा) म्हणजे अ + मुंजा, म्हणजे झोटिंग. दुसरीकडे पु(अ + मुंजा) म्हणजे पु(झोटिंग), म्हणजे झोटिंगच. बरोबर. शून्य कुणाच्या पुढे नाही, वेगळ्यांच्या पुढचे वेगळे, तेही पाळलं जातं. सगळे नियम शाबूत. आणि तरी:

मुंजा + ० = मुंजा
० + मुंजा = झोटिंग

गेली क्रमनिरपेक्षता.

टपरीवरचा_चहा | बुधवार, सकाळी ९:३४

पिंपळाखालून जाताना आता डावीकडून मिळवायचं की उजवीकडून तेवढं सांगा.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ११:१०

भाऊ, जिवंत केलंत. गुणाकार धरून आणि पेआनोंचं शेवटचं गृहीतक, विगमन (ते खाली सांगतो), वगळून जी पद्धत उरते, तिला १९५० साली ती मांडणाऱ्या रॉबिन्सन यांचं नाव आहे. तिच्यात कुठल्याही दोन ठरावीक संख्यांची बेरीज सिद्ध होते. ४७३+८९६ = १३६९ होते. ८९६+४७३ = १३६९ तेही होते. पण '*कोणत्याही* अ, ब साठी' हे वाक्य होत नाही. चिंचोके मोजत राहिलं तर अगदी इथेच अडकायला होतं.

प्वांकारे यांनी म्हटलं होतं की २+२=४ ही सिद्धता नव्हे, नुसता पडताळा आहे. खरी सिद्धता तिथे सुरू होते जिथे एका झटक्यात अगणित संख्यांबद्दल बोलायचं असतं. त्याला लागतं विगमन: एखादी गोष्ट ० साठी खरी असेल, आणि कुठल्याही संख्येसाठी खरी असली की तिच्या पुढचीसाठीही खरी ठरत असेल, तर ती सगळ्यांसाठी खरी. हा आपला मांत्रिक. मुंजा-झोटिंग शून्यापासून चालत कधी भेटत नाहीत, त्यांना तो हाकलतो. (१९३०च्या दशकात स्कोलेम यांनी दाखवलं की काही वेगळ्या जातीची भुतं तरीही उरतात, पण ती बेरजेत शिस्तीने वागतात.)

आता लेकीचं उत्तर. तीन टप्पे.

पहिला: ०+अ = अ. शून्यासाठी ०+० = ०, नियम (क). अ साठी खरं धरा; ०+पु(अ) = पु(०+अ) = पु(अ). झालं.

दुसरा: पु(अ)+ब = पु(अ+ब), म्हणजे डावीकडचं पाऊलही बाहेर काढता येतं. ब शून्य असेल तर दोन्ही बाजू पु(अ). ब साठी खरं धरा; पु(अ)+पु(ब) = पु(पु(अ)+ब) = पु(पु(अ+ब)) = पु(अ+पु(ब)). झालं.

तिसरा: अ+ब = ब+अ. ब शून्य असेल तर पहिला टप्पा. ब साठी खरं धरा; अ+पु(ब) = पु(अ+ब) = पु(ब+अ) = पु(ब)+अ. शेवटची उडी दुसऱ्या टप्प्यावर.

४७३ आणि ८९६ कुणी मोजायची गरज नाही.

रानजाई | बुधवार, दुपारी २:००

पण गोडेलने १९३१ मध्ये हे सगळं मोडीत काढलं ना?

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ४:४०

मोडीत नाही काढलं. त्यांनी दाखवलं की ही पद्धत सुसंगत असेल, म्हणजे तिच्यात परस्परविरोधी काही निघत नसेल, तर तिच्यात काही खरी विधानं सिद्ध न होता राहतात, आणि स्वतःच्या सुसंगतपणाची ग्वाही ती स्वतः देऊ शकत नाही. वरच्या तीन टप्प्यांना त्याने धक्का लागत नाही. उलट १९२९ मध्ये प्रेसबर्गर यांनी सिद्ध केलं होतं की गुणाकार वगळून नुसती बेरीज ठेवली, तर प्रत्येक विधानाचा सोक्षमोक्ष यांत्रिक रीतीने लागतो. गुणाकार आला की गोडेल आले.

अनुस्वार | बुधवार, संध्याकाळी ६:१५

खरं मोडलं ते फ्रेगेंचं. संख्या निव्वळ तर्कातून काढायच्या म्हणून त्यांनी आयुष्य घातलं. जून १९०२ मध्ये, त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापला जात असताना, रसेलचं पत्र आलं: स्वतःचे घटक नसलेल्या सगळ्या संचांचा संच घ्या, तो स्वतःचा घटक आहे का? हो म्हटलं तर नाही, नाही म्हटलं तर हो. फ्रेगेंनी खंडाला पुरवणी जोडून कबूल केलं की पाया हलला. प्रिन्सिपियाची ती जाडजूड पानं बरीचशी या एका पत्राच्या भीतीपोटी आहेत.

पाटीवरची_रेघ | गुरुवार, रात्री ९:३८

सगळ्यांचे आभार. मास्तर, तीन टप्पे मी वहीत उतरवले, दुसरा दोनदा. मग लेकीला बोलावून चिंचोक्यांनी समजवायला बसले. पाच आणि तीन ओळीत मांडले आणि म्हटलं, बघ, डावीकडून एकेक पाऊल...

तिने ऐकूनच घेतलं नाही. उठली, टेबलाच्या पलीकडे गेली आणि म्हणाली, "आई, इथून तीन आणि पाच आहेत. चिंचोके हललेच नाहीत."

मी वही मिटली. आता बोला.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, रात्री १०:२०

मी पण खडू ठेवला. ही खरी सिद्धता आहे, आणि फ्रेगे-रसेल यांच्या वाटेची आहे: संख्या म्हणजे ढिगात किती आहेत ते, आणि ढीग तर तोच.

फक्त एक फट. ढीग तोच असला तरी *मोजणी* दोन वेगळ्या टोकांनी सुरू झाली. दोन्हीकडून मोजून एकच आकडा का यावा? सान्त, म्हणजे कुठेतरी संपणाऱ्या, ढिगासाठी येतो, पण ते सिद्ध करताना पुन्हा विगमनच लागतं. ढीग सान्त नसेल तर येतच नाही. दर्शनाची न संपणारी रांग घ्या. एक माणूस सगळ्यांच्या पुढे घुसला, तर प्रत्येक जण एकेक पाऊल मागे सरकतो आणि रांग होती तशीच दिसते. तोच माणूस सगळ्यांच्या *मागे* उभा राहिला, तर रांगेत असा एक जण आला की ज्याच्या पुढे सगळी रांग आहे, पण लगेच पुढे कुणीच नाही. दोन वेगळ्या रांगा. कॅन्टर यांच्या क्रमसंख्यांत १+अनंत आणि अनंत+१ म्हणूनच सारखे नाहीत.

वैशाखवणवा | गुरुवार, रात्री १०:५१

पलीकडे जाऊन बघण्याचं आवडलं. मान्य.

पाटीवरची_रेघ | शुक्रवार, सकाळी ७:२०

डबा भरता भरता रांगेचं सांगितलं. तिने विचारलं, "मागे उभा राहिला त्याचा नंबर कधी येणार?" म्हटलं, कधीच नाही. बूट घालत म्हणाली, "मग तो पुढे का नाही घुसला?"